मुकादम आणि तिसऱ्या मजल्याचा जिना

४ मार्च, सोमवार

ही वही मी आज सेक्रेटरीच्या नाकावर टिच्चून विकत आणली आहे. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीकडे एक हिरवं रजिस्टर असतं. कोणी सायकल आडवी लावली, कोणाच्या बाल्कनीतून पाणी गळलं, कोणाचं दार धाडकन आपटलं, सगळं त्यात लिहितो. सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणतो, "पेंटरबाई, तुमच्या कासवाची नोंद केली आहे." म्हटलं, करा की! मला काय लिहिता येत नाही? चाळीस वर्षं अक्षरांवरच जगले मी. तुमचं रजिस्टर हिरवं, माझी वही लाल. बघू कोणाची आधी भरते.

नोंद करून गप्प बसला असता तर ठीक होतं. दारावर कागद चिकटवून गेला. "इमारतीच्या जिन्यावरून प्राण्यांची ने-आण करण्यास मनाई आहे. तिसऱ्या मजल्यावरील कासवाची ३१ मार्चच्या आत अन्यत्र सोय करावी. त्या दिवशी सभेत निर्णय होईल." अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. ओळ डावीकडून नीट निघालेली, उजवीकडे पार घसरलेली. मजकुराने डोकं फिरलंच, पण त्या अक्षराने जास्त फिरलं.

मी दार लावत होते तेव्हा तो आणखी काहीतरी पुटपुटत होता, "खाली मागची जागा..." वगैरे. मागच्या दाराने निघा म्हणत असेल. मी ऐकायला थांबलेच नाही.

उद्या ही वही सभेपुढे ठेवायची वेळ आली तर लोकांना कळावं म्हणून लिहून ठेवते. मुकादमला आमच्याकडे येऊन एकतीस वर्षं झाली. मी आणि हे एका गोदामाची भिंत रंगवायला गेलो होतो, तिथे रिकाम्या डब्यांमागे सापडला. तळहाताएवढा होता. ह्यांनी सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणला. आम्ही जमिनीवर पाट्या पसरून काम करायचो. हा यायचा, मान लांब करून पहिल्या ओळीसमोर उभा राहायचा, मग सरकून दुसऱ्या ओळीसमोर. हे म्हणाले, "आला बघ मुकादम. काम तपासल्याशिवाय हलायचा नाही." तेच नाव पडलं. चित्रं हे काढायचे, अक्षरं मी, तपासणी मुकादमाची. मन भरलं तरच पाटीच्या उजव्या कोपऱ्यात आमची सही. मन नाही भरलं, तर गिऱ्हाईक खूश असलं तरी सही नाही. हा ह्यांचा नियम. एकदा सही केली की त्या पाटीचं बरंवाईट आपल्या अंगावर, असं म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. लेक त्याआधीच लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. राहिलो आम्ही दोघं. आणि ह्याची म्हणे अन्यत्र सोय करा! एकतीस वर्षं एका घरात काढलेल्याचं अन्यत्र म्हणजे कुठे, ते जरा सेक्रेटरीने सांगावं.

परवा जिन्यात माझा पाय सरकला होता, हेही खरं खरं लिहिते. मुकादमची पिशवी हातात होती. पण ती पायरीच झिजलेली आहे. आणि कोणी पाहिलं नाही.

५ मार्च, मंगळवार

आजवर मी मुकादमला कापडी पिशवीत घालून, वर वर्तमानपत्र पसरून बागेत न्यायचे. चोरीचा माल नेल्यासारखी. आज पिशवी खुंटीवर ठेवली आणि त्याला सरळ काखेत मारला. हा एवढा मोठा जीव, कलिंगडाएवढा झालाय आता. लपवायचं काय त्यात?

सेक्रेटरी खाली टपालाच्या पेट्यांपाशी उभाच होता. रजिस्टर उघडलं.

"वेळ लिहा," मी म्हटलं. "पाच वाजून दहा मिनिटं."

त्याने खरंच लिहिली. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "जिन्यात कठड्याला धरून उतरत जा."

"धरलं तर ह्याला कोण धरणार? तुम्ही?"

टपालाची पेटी उघडायला वळला. जिरवली चांगली.

कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने कानस खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, हा एवढी वर्षं पिशवीत होता? मला वाटायचं तुम्ही भोपळा घेऊन बागेत जाता." न्हावी हातात कात्री घेऊन बाहेर आला. "ह्यांचे केस कापायचेत का?" म्हटलं, आधी आत बसलेल्याचे कापा, अर्ध्या डोक्याने आरशात बघतोय बिचारा. भाजीवालीने मुळ्याचा पाला दिला, तर मुकादमने कडक पानं बाजूला सारून कोवळी तेवढी खाल्ली. ती म्हणाली, "जावयासारखे नखरे आहेत की ह्याचे!" बागेतला माळी तर झाडू टेकवून मांडीच घालून बसला त्याच्यासमोर. नाव विचारलं. सांगितलं. "नमुना आहे," म्हणाला.

मुकादमने जास्वंदीची पडलेली चार फुलं खाल्ली. त्याला लाल रंगाचं भारी वेड. घरात लाल डबा उघडा राहिला की जीभ लावायलाच निघतो, म्हणून लाल नेहमी वरच्या फळीवर.

एवढी मजा गेल्या तीन वर्षांत आली नव्हती. आता रोज जाणार. उघड जाणार.

८ मार्च, शुक्रवार

बेकरीवाल्याची पाटी पुरी केली. हल्ली सगळे छापील फलक लावतात, आठ दिवसांत उन्हाने उडतात. बेकरीवाला जुना माणूस, त्याला हाताचंच लागतं. "ताजा पाव, ताजी बिस्किटं. सकाळी सहापासून." साधं काम. पण आज ब्रशने छळलं. केस सुटत होते. त्यात पंख्याचा वारा. "ताजा"चा काना तीनदा पुसला, तीनदा ओढला, तरी मधेच लचकला. ब्रश बदलला, पंखा बंद केला. दुसरा ब्रशही तसलाच निघाला. हल्ली दुकानात धड ब्रश मिळत नाहीत.

मुकादम आला तपासायला. पहिल्या ओळीपाशी उभा राहिला तो राहिलाच. दुसऱ्या ओळीकडे सरकेना. मी म्हटलं, काय रे, काय खोट दिसली? पण आता त्याचंही वय झालं. नजर गेली असेल.

सही नाही केली. कोपऱ्यात जागा उरली नाही.

९ मार्च, शनिवार

लेकीचा फोन.

"आई, हात कसा आहे?"

"हाताला काय धाड भरलीय?"

"जेवताना चमचा वाजत होता तुझा मागच्या वेळी."

"चमचा हलका आहे तो."

मग नेहमीचं सुरू. तू माझ्याकडे ये, इथे लिफ्ट आहे, एकटी राहू नकोस. मी विचारलं, आणि मुकादम? तर म्हणे, "बघू ना त्याचंही काहीतरी." बघू म्हणजे नाही, एवढं मला कळतं. शेवटी म्हणाली, "जिन्यात जप गं." आता हिला जिन्याचं कोणी सांगितलं? सेक्रेटरीशी संधान बांधलेलं दिसतंय. पोटची पोर आणि फितूर!

फोन ठेवताना म्हणाली, "धाकट्याला विचारलं म्हणून सांग." लहानपणापासून ती मुकादमला धाकटा म्हणते. मला हसू येणार होतं, पण मी येऊ दिलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

आज एक झकास काम केलं. रोज उघड्यावर न्यायचं तर हरवायची भीती. म्हणून मुकादमच्या पाठीवर माझा फोन नंबर रंगवला. पिवळा ऑइलपेंट, खाली पांढरा हात आधी मारून घेतला. कोणाला सापडला तर आणून देईल. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांना नावं दिली, घरच्या माणसाला पाटी नको?

आकडे जरा वाकडेतिकडे आले. मुकादम हलत होता.

बागेत सगळ्यांनी वाहवा केली. सेक्रेटरीने मात्र नंबर बघितला, माझ्या हाताकडे बघितलं, आणि काही न लिहिता रजिस्टर मिटलं. बोलती बंद!

१७ मार्च, रविवार

मुकादम तीन दिवस झाले खात नाही. पाला तसाच. काकडी तशीच. आज जास्वंद नेऊन तोंडापुढे धरली, तर मान आत. ह्यांच्या स्टुलाखाली जाऊन बसलाय. उठत नाही. ऊन आत आलं तरी त्यात जात नाही.

सेक्रेटरीची दृष्ट लागली म्हणावं, तर मी असलं काही मानत नाही. पण आज मानावंसं वाटतंय.

१८ मार्च, सोमवार

प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण एवढीशी पोरगी. मुकादमला टेबलावर ठेवला, तिने पाठ बघितली आणि म्हणाली, "आजी, हे कोणी केलं?"

"आजी तुझ्या घरी. मी पेंटर आहे."

"मग तुम्हाला तर कळायला हवं होतं! कवच म्हणजे लाकडाची फळी वाटली का? हाड आहे ते, जिवंत आहे. स्पर्श कळतो त्याला. ऊन लागतं त्याला. तुम्ही वरून दोन हात मारले ऑइलपेंटचे, आणि त्याचा वास आठवडाभर त्याच्या नाकाशी."

 

म्हटलं, घरी जाऊन थिनरने पुसते. ती किंचाळलीच. थिनर तर आणखी विष. कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि लाकडाच्या काडीने हळूहळू एकेक पापुद्रा काढायचा. कवचाला ओरखडा पडता कामा नये. दिवसाला थोडं थोडं.

घरी येऊन मी मुकादमसमोर जमिनीवर बसले आणि त्याची माफी मागितली. अक्षरशः मागितली. म्हटलं, मी गाढव आहे. एकतीस वर्षं तू रंगाच्या वासात काढलीस, मला वाटलं तुला चालतो. तुझ्या पाठीवर मारायच्या आधी एकदा विचार करायला नको होता का मी? बेकरीच्या पाटीला तीनदा पुसते, आणि तुझ्या पाठीला एकदाही थांबले नाही.

त्याने मान बाहेर काढली नाही. मला रडू आलं. सेक्रेटरीला हे कळता कामा नये.

२२ मार्च, शुक्रवार

पाच दिवस रोज संध्याकाळी खिडकीपाशी बसून काडीने खरवडतेय. हात नीट चालला असता तर दोन दिवसांत झालं असतं. काडी सटकते, म्हणून उजवं मनगट डाव्या हाताने धरून काम करते. काड्याही हल्ली मिळतात त्या गुळगुळीत.

आज शेवटचं शून्य निघालं. कवच कोमट पाण्याने पुसलं. खालून त्याचा जुना तपकिरी रंग आला, त्यावरच्या त्या वर्षावर्षाच्या रेघा. मुकादम स्टुलाखालून निघाला, खोली ओलांडून उन्हात जाऊन पसरला, चारही पाय बाहेर. मग अर्धी काकडी खाल्ली.

उद्यापासून पुन्हा बाग. ३१ तारीख जवळ आली तर आली. सभेत जाऊन सांगणार आहे, ह्याला काढायचं तर आधी मला काढा.

२५ मार्च, सोमवार

मुकादम हरवला.

नीट लिहायला हवं, नाहीतर कळणार नाही कसं झालं. मी बागेत नेहमीच्या बाकावर होते. मुकादम पायाशी, गवतात. बेकरीवाला समोरून आला. चांगला माणूस, पण आज तोंड वाकडं करून म्हणाला, "पेंटरबाई, वाईट वाटून घेऊ नका. गिऱ्हाईकं विचारतात, पाटीवरची अक्षरं अशी थरथरतात का? एक म्हणाला, पाव बघून अक्षरांना थंडी वाजतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. त्याला ब्रशचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, त्याच्या फळीला आधीचा हात धड मारलेला नव्हता ते सांगितलं. त्याच्या दुकानाचं नाव झालं ते कोणाच्या पाटीमुळे, तेही सुनावलं. तो हात जोडून निघून गेला. मी वळले तर गवत रिकामं.

झुडपं पाहिली. नळापाशी पाहिलं. माळी कुठे दिसेना. त्याच्या अवजारांच्या खोलीला कुलूप. दार ठोठावलं, हाका मारल्या. पण कासव काय ओ देणार?

पाठीवर नंबरही नाही आता.

सगळं माझ्यामुळे झालं. दहा मिनिटं भांडले. कशासाठी, तर माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवू नये म्हणून.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी सेक्रेटरीच्या दारावर थापा मारल्या. तो दाढीचा फेस लावलेला तसाच आला.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" मी म्हटलं. "३१ तारखेची वाटही बघवली नाही! कुठे नेऊन टाकलात त्याला?"

"हरवला?" तो म्हणाला.

"सोंग करू नका."

"कधी? कुठे?"

"लिहा रजिस्टरात! लिहा, कासवाची अन्यत्र सोय झाली!"

त्याने तोंड पुसलं, बूट घातले आणि माझ्या बाजूने निघून जिना उतरून गेला. अर्ध्या दाढीने. लाज वाटून पळाला असणार. मी त्याच्या पाठीवर आणखी दोन वाक्यं फेकली.

दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या. चावीवाला म्हणाला दिसला नाही. भाजीवाली म्हणाली दिसला नाही, आणि त्याच्यासाठी मुळ्याचा कोवळा पाला बाजूला काढून ठेवला.

२७ मार्च, बुधवार

लेक आली. मी कळवलं नव्हतं. दारातच म्हणाली, "धाकटा सापडेल गं."

मी टेबलावर कागद पसरले होते. "हरवला आहे. मुकादम. कासव. पाठ तपकिरी." मोठ्या ब्रशने, काळ्या रंगात. ती म्हणाली, छापून आणते शंभर. म्हटलं, छापील कागद कोणी वाचत नाही. हाताने लिहिलेलं वाचतात. अर्धं तुझं, अर्धं माझं, बस.

तिला ह्यांनीच शिकवलं होतं लहानपणी. पंधरा वर्षं ब्रश धरला नव्हता तिने. पहिला कागद जरा चाचपडत गेला, दुसऱ्यापासून हात बसला. मी तिचे कागद आणि माझे कागद वाळायला जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले.

आणि मग दिसलं.

ब्रश तोच. रंग तोच. पंखा बंद. तिची रेघ सरळ जात होती, माझी प्रत्येक रेघ कापत होती. एकही सुटली नव्हती. मी उभी राहून बघत राहिले. तीही बघत होती, पण माझ्याकडे.

"किती दिवस झाले गं ह्याला?" मी विचारलं. जणू तिचा हात कापत होता.

"मला वर्षभर दिसतंय," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तू म्हणालीस चमचा हलका आहे."

आम्ही दोघी हसलो आणि मग हसता हसता मी रडले. चांगली रडले, लपवलं नाही. ह्यांच्यामागे माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. हा हात आणि मुकादम. एकाच आठवड्यात दोन्ही गेल्या.

लेक म्हणाली, "मी आहे ना." मी तिला जवळ घेतलं. ती तिसरी गोष्ट मी मोजायलाच विसरले होते.

माझे कागदही लावले आम्ही. कापरे तर कापरे. वाचता येतात.

२८ मार्च, गुरुवार

सापडला! सापडला! सापडला!

आता नीट लिहिते. दुपारी जिन्यात कोणीतरी धापा टाकत वर येतंय असं ऐकू आलं. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. दार उघडलं तर सेक्रेटरी. घामाने शर्ट भिजलेला, रजिस्टर बगलेत, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला मुकादम. मुकादम मान बाहेर काढून जिना बघत होता, राजेसाहेबांसारखा.

झालं असं. मी बेकरीवाल्याशी भांडत असताना मुकादम झुडपांमागून माळ्याच्या वाटेवर गेला. माळ्याने ओळखला. म्हणाला, हा तर पेंटरबाईंचा मुकादम. कुत्र्यांनी त्रास देऊ नये म्हणून अवजारांच्या खोलीत ठेवला, आपल्या डब्यातली कोबीची पानं घातली, आणि बाई येतील न्यायला म्हणून वाट पाहिली. मी मात्र बागेच्या दुसऱ्या टोकाला नळापाशी शोधत होते. संध्याकाळी त्याला घरून बोलावणं आलं, तो कुलूप लावून दोन दिवसांच्या रजेवर गेला. सेक्रेटरी परवापासून दारोदार विचारत फिरला होता. न्हाव्याला, शाळेच्या रखवालदाराला, सगळ्यांना. सगळे मुकादमला ओळखत होते. शेवटी माळ्याचं घर शोधलं, किल्ली आणली. कुलूप उघडलं, तर मुकादम फावड्याशेजारी झोपला होता.

मी आधी मुकादमला घेतलं नाही. घेतलं असतं तर पडला असता. मी दाराची चौकट धरून उभी होते.

तोंडातून आलं काय? "तुम्ही जिन्यावरून प्राणी आणलात."

सेक्रेटरी धापा टाकत म्हणाला, "हो. नोंद करावी लागेल. माझे हात भरलेत. बगलेतलं काढा. तुम्हीच लिहा."

रजिस्टर काढलं. उघडलं, ते नेमकं मार्चच्या पहिल्या पानावर. त्याच्या त्या कोंबडीच्या अक्षरात लिहिलं होतं: "२ मार्च. पेंटरबाई पिशवीसह दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पडता पडता वाचल्या. हात कापतो, कठडा पकडता येत नाही. सांगितलं तर ऐकणार नाहीत. जिन्यात दिवा लावणे. झिजलेली पायरी बदलणे. कासवाला तळमजल्यामागची मोकळी जागा द्यावी, ऊन चांगलं येतं. त्यांना विचारणे. लेकीला कळवणे."

म्हणजे कोणीतरी पाहिलं होतं.

"मग असं लिहायचं ना दारावर!" मी ओरडलेच. "मनाई काय, सक्ती काय!"

"मला तेवढंच लिहिता येतं," तो म्हणाला. "जागेचं तोंडी सांगणार होतो. तुम्ही दार लावलंत."

मी त्याच्या रजिस्टरात लिहिलं: "२८ मार्च. सेक्रेटरींनी जिन्यावरून प्राणी नेला. तिन्ही मजले. पेंटरबाई त्यांची माफी मागतात." माझं अक्षर कापत होतं. त्याच्यापेक्षा तरीही बरं होतं.

३१ मार्च, रविवार

सभा झाली. मी उभी राहून सांगितलं, मी लेकीकडे राहायला जाणार नाही, मुकादम दुसरीकडे जाणार नाही, आणि माझ्या हाताबद्दल इथे कोणी हळहळायचं नाही. ह्या तीन गोष्टी सोडून बाकी सगळ्यावर मी ऐकून घेते. दुसऱ्या मजल्यावरची बाई कुजबुजली, बाकी उरलं काय? सेक्रेटरी म्हणाला, मागची जागा उरली. सगळ्यांनी हात वर केले. मुकादम दिवसा खाली राहणार, मीही तिथेच फळ्या टाकून काम करणार, रात्री दोघं वर. नियम तसाच राहणार, जिन्यावरून मी त्याला न्यायचं नाही.

"मग कोण नेणार?" मी विचारलं.

सेक्रेटरीने चष्मा पुसायला घेतला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

६ एप्रिल, शनिवार

हाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले, लेक बरोबर होती. औषधाने थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं म्हणाला. अक्षरं रंगवणं थांबवा, म्हणाला. म्हटलं, औषध द्या, सल्ला ठेवा तुमच्याकडे.

लेक आता दर शनिवारी येणार आहे. सरळ रेघा ती ओढेल, वळणं मी. वळणात कापरं खपून जातं. बेकरीवाल्याकडे आम्ही दोघी गेलो, जुनी पाटी परत मागितली. मी त्याला सांगितलं, फळी चांगली होती, पंख्याचाही दोष नव्हता. नवी करून देतो आम्ही, ह्या वेळी दोघी मिळून. त्याने आम्हाला बिस्किटं खायला घातली.

पण आजची पाटी मी एकटीने केली. तळमजल्यामागे, उन्हात, जमिनीवर फळी टाकून. दारावरचा तो सेक्रेटरीच्या अक्षरातला कागद मला बघवत नव्हता. नियम राहायचा तर धड अक्षरात राहू दे. दोन ओळी लिहिल्या.

"जिन्यावरून प्राणी नेण्यास सक्त मनाई आहे.
मुकादमाला सेक्रेटरी उचलून नेतील."

सेक्रेटरीने वाचलं. दुसरी ओळ दोनदा वाचली. "हे सभेत ठरलं नव्हतं," म्हणाला.

"नोंद करा," मी म्हटलं.

तो रजिस्टर आणायला गेला तेवढ्यात मुकादम आला. पहिल्या ओळीसमोर उभा राहिला, मान लांब केली. अक्षरं कापत होती, प्रत्येक अक्षर कापत होतं, आणि मी एकही पुसलं नव्हतं. त्याने बराच वेळ घेतला. मी मनात म्हटलं, घे, बघ, हेच आहे आता माझ्याकडे. मग तो सरकला आणि दुसऱ्या ओळीसमोर जाऊन उभा राहिला.

तीन वर्षांनी मी उजव्या कोपऱ्यात सही केली. वाकडी आली. राहू दिली.